फावल्या वेळचा प्रेक्षक

चित्रपटांविषयीं लिहिण्याचा मला कोणताहि अधिकार नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. माझा व्यवसाय महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. धाराशिव जिल्ह्यांतील मुलामुलींना वर्डस्वर्थच्या डोंगरांतून आणि हार्डीच्या माळरानांवरून हिंडवून आणण्यांत माझीं अठ्ठावीस वर्षें गेलीं. चित्रपट पाहिले ते फावल्या वेळीं, जे समोर आले ते, जसे आले तसे. कांहीं यात्रेंतल्या तंबूंत, कांहीं शहरांतल्या थिएटरांत, कांहीं रविवारीं शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून दूरदर्शनवर, आणि अलीकडे पुष्कळसे घरच्याच भिंतीवर, चिरंजिवांनीं लावून दिलेल्या मोठ्या टेलिव्हिजनवर. 'संत तुकारामा'नंतर 'शोले', 'शोले'नंतर 'पिंजरा', आणि मग एकदम इटलींतील एका सायकलचोराची गोष्ट, असा हा क्रम आहे. ह्याला अभ्यास म्हणतां येणार नाहीं. तरीहि मतें होतीं, आणि तीं ठाम होतीं. ज्या विषयाचें ज्ञान बेताचें असतें त्यांतलीं मतें बहुधा ठामच असतात. तीं चहाच्या कपापुरतीं होतीं तोंवर कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. परंतु गेल्या वर्षीं त्यांपैकीं एक मत मला सोडावें लागलें, आणि तें एक निघतांच शेजारचींहि दोनचार हललीं. त्याचा हा जमाखर्च.

पहिला चित्रपट मीं पाहिला तो येरमाळ्यास, येडेश्वरीच्या चैत्री यात्रेंत. तंबूंतला सिनेमा ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांना त्याची कल्पना देणें कठीण आहे. जमीन हीच खुर्ची, मध्यें यंत्र, एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस बायका, रीळ बदलेपर्यंत शिट्ट्या, आणि पडद्यावर जें चाललें असेल त्यावर मोठ्यानें बोलण्याचा सर्वांस सारखाच हक्क. मी लहान असल्यामुळें आईबरोबर बायकांच्या बाजूस बसलों होतों. चित्रपट होता 'संत तुकाराम'. प्रभात कंपनीनें तो १९३६ सालीं काढला, दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, हें सारें मला पुढें पुस्तकांतून कळलें. त्या रात्रीं कळलें तें एवढेंच कीं विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गाऊं लागले म्हणजे पुरुषांची बाजू गप्प होते, आणि जिजाई तोंड उघडते तेव्हां बायकांची बाजू हसते. तें हसणें कुचेष्टेचें नव्हतें. आपलें माणूस चव्हाट्यावर धीटपणें बोललें म्हणजे आपण जसें हसतों तसें तें होतें.

महाविद्यालयांत गेल्यावर हाच चित्रपट मला भाबडा वाटूं लागला. चमत्कार, आकाशांतून येणारें विमान, काळ्या मनाचा सालोमालो, हें सारें वास्तववादाच्या नुकत्याच शिकलेल्या कसोटीला उतरेना. पुढें चाळिशींत तो पुन्हां पाहिला आणि माझ्या ध्यानांत आलें कीं ह्या चित्रपटांत वास्तववाद शोधायचा असेल तर तो जिजाईपाशीं शोधावा. गौरी नांवाच्या नटीनें ही भूमिका केली आहे. तिला म्हैस कशी हांकावी तें ठाऊक आहे, चुलीपाशीं कसें बसावें तें ठाऊक आहे, आणि घरांत दाणा नसतांना नवऱ्यावर कोणत्या सुरांत ओरडावें तेंहि ठाऊक आहे. पोर आजारी पडतें तेव्हां ती नवस बोलत नाहीं; देवळांत जाऊन विठोबालाच जाब विचारते. संतचरित्रांतील कजाग बायको ही आपल्याकडील जुनी सोय आहे. तिच्या कजागपणावर संतांची शांति उजळून दिसते. ह्या चित्रपटानें ती सोय घेतली खरी, पण ती बाई इतकी खरी उभी केली कीं सोय मागें पडली आणि बाई उरली. अखेरीस तुकोबा तिला वैकुंठास चल म्हणतात, आणि ती जात नाहीं. घर आहे, पोरें आहेत. विमान वर जातें. माझी दृष्टि मात्र त्या खेपेस विमानाबरोबर गेली नाहीं, ती तिच्यापाशींच थांबली.

त्या दिवसापासून मला चित्रपटाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याची खोड लागली. नायक काय करतो तें पाहण्यास सारें थिएटर असतेंच. वर्तमानपत्री परीक्षणांत कथानक, अभिनय, संगीत आणि छायालेखन अशा चार कप्प्यांत गुण वांटून देण्याची जी चाल आहे, तींत ह्या कडेच्या माणसाचा कप्पा नसतो. म्हणून तो मीं माझ्यापुरता उघडला.

१९७५ सालचा 'शोले' ह्या कप्प्यामुळेंच माझ्या मनांतून उतरला नाहीं. त्यांतील गब्बरचीं वाक्यें माझ्या वर्गांतील मुलांना तोंडपाठ आहेत, इतकीं कीं शेक्सपिअरच्या वाट्याला त्याचा दशांश आला तरी मी संतुष्ट होईन. मला विचाराल तर तो चित्रपट गरजेपेक्षां लांब आहे आणि त्यांतला विनोद पुष्कळ ठिकाणीं ओढून आणलेला आहे. परंतु संध्याकाळ झाली कीं त्यांत एक पांढऱ्या लुगड्यांतली विधवा सून सज्जांतले दिवे एकेक करून मालवीत जाते, आणि खालीं अंगणांत एकजण तोंडानें बाजा वाजवीत बसलेला असतो. दोघें बोलत नाहींत. एवढ्या गोळीबाराच्या चित्रपटांत ही जागा राखून ठेवणाऱ्यांना मी सारा विनोद माफ करतों.

'पिंजरा' (१९७२) विषयीं मात्र माझें मत स्वच्छ नाहीं, कारण त्यांत माझ्या पेशाचा संबंध येतो. शांतारामबापूंनीं ही कल्पना १९३० च्या एका जर्मन बोलपटावरून घेतली, आणि त्या बोलपटानें ती हाइन्रिख मानच्या १९०५ मधील कादंबरीवरून. सर्वत्र मास्तर एका नाचणारीच्या नादीं लागून धुळीला मिळतो. मराठी मास्तरावर तर शेवटीं स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. डॉ. श्रीराम लागूंचा हा अभिनय पाहतांना शिक्षकांनीं शेजारीं कोणी विद्यार्थी नाहीं ना, हें पाहून घ्यावें. नृत्यें पुष्कळ आहेत, बोधहि पुष्कळ आहे, आणि दोहोंपैकीं बोध अधिक थकवितो.

बोधावरून 'श्यामची आई' आठवते. अत्र्यांनीं हा चित्रपट १९५३ सालीं काढला, आणि राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक त्याला मिळालें. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम यांविषयीं कोणीं वांकडा शब्द काढलेला मीं ऐकला नाहीं. मीं तो काढीत असें. ही माउली फार समजावून सांगते, अशी माझी तक्रार होती. पायाला घाण लागूं नये म्हणून जपतोस तसें मनालाहि जप, असें सांगितल्यावांचून तिच्यानें पोराचे पायदेखील पुसवत नाहींत. जीवनांत असें घडत नाहीं, असें मी म्हणे. आमच्या घरांत तरी कोणीं कोणाला कांहीं समजावून सांगितल्याचें मला आठवत नव्हतें.

आतां त्या सोडाव्या लागलेल्या मताकडे येतों. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ सालचा चित्रपट. गांव विदर्भांतलें. शेजारच्या शेतकऱ्यानें आत्महत्या केली आहे, आणि किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनांत एकच धास्ती बसली आहे कीं आपलाहि नवरा तसेंच कांहीं करील. त्याच्या मनांत तसें कांहीं आहे कीं नाहीं हें तिला कळत नाहीं, विचारतां येत नाहीं, म्हणून ती त्याला खूष ठेवण्याच्या मागें लागते. गोडधोड करते. आणि लहानग्या दिनूला बापाच्या पाळतीवर ठेवते. बाप जाईल तिकडे पोर जातें. बाप वैतागतो, पोर हटत नाहीं, आणि आपण हसतों. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनीं हें इतक्या संयमानें केलें आहे कीं हसूं येतें आणि तें घशांतच अडकतें.

ह्या चित्रपटावर मीं एकदां विद्यार्थ्यांपुढें व्याख्यान दिलें होतें. शोकांतिकेंतील उपहास हा विषय. आत्महत्येचा विषय घेऊनहि दिग्दर्शक रडत नाहीं, उलट पाळतीवरच्या पोराची विनोदी योजना करून तो प्रेक्षकाला करुणेच्या सोप्या वाटेवरून दूर ठेवतो, असें मीं मांडलें. जोडीला हार्डीच्या 'ज्यूड'मधलें तें अकालीं म्हातारें झालेलें पोर घेतलें. मोठ्यांच्या अडचणी ऐकून तें मूल मनाशीं जो भयंकर निष्कर्ष काढतें तो मला नेहमींच कृत्रिम वाटत आला होता. मुलें इतकें मनावर घेत नाहींत, हार्डीनें येथें अति केलें, मनवरांचा दिनू पहा, तो हुंदडतो आहे, हेंच खरें बालपण, असें मीं सांगितलें. टाळ्या बऱ्यापैकीं मिळाल्या.

गेल्या वर्षीं माझी थोरली बहीण मोतीबिंदूच्या ऑपरेशनासाठीं आमच्याकडे धाराशिवास येऊन राहिली होती. तिला आम्ही अक्का म्हणतों. माझ्याहून ती सहासात वर्षांनीं मोठी. तिचें सारें आयुष्य कळंब तालुक्यांत शेतींत गेलें. एका डोळ्याचें काम झालें होतें, दुसऱ्याचें व्हावयाचें होतें, आणि नव्या डोळ्यानें काय काय दिसतें याचें तिला कौतुक वाटत होतें. एका दुपारीं मीं तिला 'गाभ्रीचा पाऊस' लावून दिला आणि शेजारीं बसलों. खरें सांगावयाचें तर मी चित्रपट पाहत नव्हतों, तिला पाहत होतों. ती कोठें हसते तें मला पाहावयाचें होतें. ती हसली. सासूच्या बोलण्याला हसली, गोडधोडाला हसली. पोर बापाच्या मागें फिरूं लागलें तसें तिनें हसणें थांबविलें. शेवटपर्यंत पुन्हां हसली नाहीं.

संपल्यावर तिनें डोळ्यावरचा हिरवा चष्मा नीट केला आणि विचारलें, "त्या लेकराला कुणी सांगितलं हुतं का रं, बापाच्या मागं कशापायी फिरायचं ते?"

मीं माझें व्याख्यान काढलें. तें मुद्दामच तसें केलेलें आहे, लोकांनीं हसावें आणि हसतां हसतां थांबावें म्हणून, असें कांहींबाहीं सांगूं लागलों. तिनें हात हलविला.

"ते कळलंय मला. हसाया येतंयच तिथं. म्या इचारते, लेकराला सांगितलं हुतं का?"

"नाही," मी म्हणालों.

"तुलाबी नव्हतं सांगितलं."

माझ्या लहानपणीं एका वर्षीं पाऊस हुकला होता, विहीर तळाला गेली होती आणि बैलजोडींतला एक बैल विकावा लागला होता, एवढें मला ठाऊक होतें. परंतु तें वर्ष माझ्या आठवणींत दुष्काळाचें म्हणून राहिलेलें नाहीं. तें सुखाचें म्हणून राहिलें आहे. त्या उन्हाळ्याच्या आधीं कित्येक दिवस आई मला शाळेंत न धाडतां अण्णांची भाकरी देऊन रानांत पाठवी, आणि संध्याकाळीं त्यांच्याबरोबरच परत यावयाचें असें बजावी. मी दिवसभर विहिरीच्या कांठीं असें. अण्णा फार बोलत नसत. त्यांनीं मला गोफण वळावयास शिकविली. विहिरीच्या कपारींतले पारवे, तळाच्या चिखलांतलें एक कासव, बाभळीच्या शेंगा, सारें मला अद्याप दिसतें. वर्डस्वर्थ शिकवितांना, निसर्गाच्या सान्निध्यांतील बालपण म्हणजे काय तें मुलांना पटावें म्हणून, मी हीच हकीकत सांगत आलों आहें. एखाद्या वर्गांत ती रंगून जाई आणि तास संपल्याची घंटा ऐकूं येत नसे.

"अण्णांनी बोलणंच टाकलं हुतं," अक्का म्हणाली. "राती उठून इहिरीकडं जायचे. मग आईनं तुला लावून दिलं. म्हणली, लेकरू संगं असलं की माणूस तसलं काय करत न्हाई."

मीं विचारलें, तुला हें ठाऊक होतें तर तूं कां गेली नाहींस?

"मी घरी आईपाशी हुते. तिच्याकडं कुणी बघायचं?"

अण्णा पुढें तीस वर्षें जगले आणि म्हातारपणानें गेले. त्या वर्षाविषयीं घरांत कोणीं एक अक्षर काढलें नाहीं. अण्णांच्या मनांत खरोखर तसें होतें कीं नव्हतें, हें विचारण्यास आतां कोणी उरलेलें नाहीं.

ह्या संभाषणानंतर मीं 'गाभ्रीचा पाऊस' पुन्हां पाहिला नाहीं, परंतु दुसरे तीनचार पाहिले. वाचकांस यांत परीक्षण कोठें आहे असें वाटण्याचा संभव आहे. तें येथें आहे. डी सीकाचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ सालचा चित्रपट थोर आहे, हें मी इतर सर्वांप्रमाणें म्हणत असें. मात्र त्यांतला लहान ब्रूनो हा आमच्या डोळ्यांतून पाणी काढण्यासाठीं बापाच्या शेजारीं ठेवला आहे, असा माझा आक्षेप होता. सायकल बापाची, चोरी बापाची, नोकरी जाईल ती बापाची; पोराचें काम काय? आतां पाहतों तों पहिल्या रिळापासून सायकलवर नजर आहे ती पोराची. गहाण पडलेली सायकल सोडवून आणल्यावर तींत पोचा पडला आहे हें त्याला दिसतें, बापाला नाहीं. तो स्वतः पेट्रोलच्या पंपावर कामाला जातो. रोमच्या रस्त्यांतून तो बापाच्या मागें मागें धांवतो तेव्हां सायकल शोधतांना तो बापाचें तोंडहि वाचीत असतो. शेवटीं बाप स्वतः चोरी करावयास निघतो तेव्हां पोरानें तें पाहूं नये म्हणून त्याला ट्रामनें पुढें जावयास सांगतो. ट्राम चुकते, आणि पोर सारें पाहतें. ज्याला बाजूला पाठविलें त्यालाच दिसतें, ही त्या चित्रपटाची खरी घडण आहे, आणि ती मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं कळली. हार्डीच्या पोराविषयींचें माझें मत मीं मागें घेतलें आहे. वर्गांत तसें सांगितलेंहि. मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें. पूर्वींचें मतहि त्यांच्या आधींच्या मुलांनीं असेंच उतरून घेतलें होतें.

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) माझ्या हिशेबांत असाच वर चढला. पूर्वीं मला त्याचा मधला भाग रेंगाळलेला वाटे. कोंकणांतला एक आजोबा नातवाला डोळ्यांच्या दुखण्यासाठीं शहरांत आणतो, कर्करोग निघतो, जीव वांचवावयाचा तर ऑपरेशन करावें लागेल आणि पोर कायमचें आंधळें होईल. गोष्ट येथेंच ठरलेली आहे, मग एवढा वेळ कशाला, असें मी म्हणे. वेळ कशाला तें आतां समजलें. डॉक्टरचा आग्रह असतो कीं ऑपरेशनापूर्वीं मुलाला तें सांगितलें पाहिजे. सारा चित्रपट त्या एका सांगण्यापाशीं अडलेला आहे. आजोबाला तोंड उघडवत नाहीं. पोराला हळूहळू उमजत जातें. आणि मग आजोबा त्याला रुग्णालयांतून उचलून बाहेर नेतो, जग दाखवावयाला. अरुण नलावडे यांच्या तोंडावरील ती हतबलता, आणि अश्विन चितळे या मुलाचा तो त्रागा, यांत मला आतां कोठेंहि रेंगाळणें दिसत नाहीं. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला मिळाला तो ह्या चित्रपटामुळें. तो योग्यच मिळाला, असें माझ्यासारख्यानें म्हटल्यानें त्यांत भर पडत नाहीं. पण इतकीं वर्षें मीं तें म्हटलें नव्हतें.

श्यामच्या आईचीहि मला मनांतल्या मनांत क्षमा मागावी लागली. ती फार सांगते हें खरेंच आहे. चित्रपट म्हणून तो दोष आहे हें मी अद्यापहि म्हणेन. पण जी आई पोराला सांगते तिचें पोर मोठेपणीं निदान चुकीची गोष्ट वर्गांत सांगत बसत नाहीं.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'विषयीं (२०१३) माझें मत जसेंच्या तसें आहे. मंजुळे हे आमच्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यांतले. ती भाषा आणि तें माळरान आम्हांला अनोळखी नाहीं. तेथें जब्याला कोणीं कांहीं सांगावयाची गरजच नसते. आपण कोण आहों आणि गांव आपल्याला काय समजतें हें त्याला शाळेच्या रस्त्यावरच कळलेलें असतें. बापाबरोबर डुकराच्या मागें धांवतांना वर्गांतल्या मुलांपासून तोंड लपविणारा तो मुलगा पाहिला कीं शिक्षकाला वर मान करून बसवत नाहीं. शेवटचा दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. आमच्या थिएटरांत त्या वेळीं पुढच्या रांगेंतले दोघेतिघे खरोखरच बाजूला झाले होते.

राहिला 'पथेर पांचाली' (१९५५). सत्यजित राय यांचा हा चित्रपट मीं तीन वेळां पाहिला आहे आणि त्याच्याविषयीं बोलण्याचें आजवर टाळलें आहे. बाप दूरगांवीं गेलेला. घर, पाऊस आणि आजारी मुलगी एकट्या सर्वजयेच्या अंगावर. बाप परत येतो तो मुलीसाठीं साडी घेऊन, आणि मुलगी गेलेली असते. आईचा आक्रोश आपल्याला ऐकूं येत नाहीं, त्याजागीं वाद्य वाजतें. हें सर्वांना आठवतें. मला आतां आठवतें तें त्याच्या पुढचें. घर सोडून जातांना अपूला कोनाड्यांत एक माळ सांपडते. जी चोरल्याचा आळ बहिणीवर आला होता आणि जी तिनें नाकारली होती, तीच ती. तो कोणालाहि हाक मारीत नाहीं. ती तळ्यांत फेंकतो, शेवाळ फांकतें आणि पुन्हां मिटतें. येथें मोठ्यांपासून लपविणारें मूलच आहे, आणि तें कां लपवितें हें त्याला कोणीं शिकविलेलें नाहीं.

हा चित्रपट अक्काला दाखवावा कीं नाहीं, हें मीं ठरविलेलें नाहीं. तिच्या दुसऱ्या डोळ्याचें काम होऊन ती केव्हांच गांवीं गेली. दिवाळीला यावयाची आहे. परवां फोनवर पाऊसपाण्याचें बोलून झाल्यावर तिनें विचारलें, "ते तुकारामाचं हाय का रं तुझ्याकडं? यात्रंतलं? आई लई हसली हुती त्यात."

आहे म्हणून सांगितलें.